उपरणं

शेजारच्या आगरात भाजीवरची नायलॉनची जाळी गुंडाळून टाकली होती. वास सुटला तेव्हा कळलं, तिच्यात धामण अडकून मेली होती. पुढं सरकताना अंग रुतत गेलं असणार आणि मागं येताना खवल्यांत धागे अडकले असणार. त्या जाळीचा मला राग आहे, तो जात नाही.

धामण म्हटली की आजोबांचं उपरणं दिसतं. मे महिना, विहिरीपलीकडची मोकळी जागा, एकमेकींना पीळ घालून उठलेल्या दोन धामणी. आजोबांनी खांद्यावरचं उपरणं हळूच त्यांच्यावर टाकलं. साप लागलेले दिसले की कापड टाकायचं, ते घरात जपायचं, बरकत येते. पुढं वाचलं, की असे उभे पिळलेले दोघेही बहुधा नर असतात, मादीसाठी झुंजणारे. असोत. काठ्या उचलणाऱ्या वाडीत त्या दिवशी एका माणसाच्या हातात कापड होतं.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात 1862 साली सरकारनं फुरशांवर इनाम लावलं आणि काही दिवसांतच लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. फुरसं अजून आहेच.

आजोळचं हे घर आता आईकडं आहे. परसाच्या टोकाचा गडगा मी सिमेंटनं लिंपू दिला नाही. चिऱ्यांच्या फटी तशाच आहेत. तिथंच नारळाच्या सोडणांचा ढीग. पातेरा जाळत नाही. उंदरांचं औषध बंद केलं, कारण ते खाल्लेला उंदीर शेवटी धामणीच्या पोटात जातो. जमिनीलगत पाण्याची उथळ कुंडी ठेवली. बेडूक आले, त्यांच्यामागून नानेटी आली. दाराजवळ मात्र काडीसुद्धा साठवत नाही आणि रात्री बॅटरीशिवाय कुणी खाली उतरत नाही. धामणीला मोकळी ठेवलेली फट फुरशालाही मोकळीच असते.

आईला हे पटत नाही. परवा मी चिरे रचत होतो, तेव्हा पडवीत उभी राहून तिनं सांगितलं, की तिचा थोरला भाऊ जमिनीवरच्या अंथरुणात मण्यार चावून गेला. मामा तापानं गेला, एवढंच मला आजवर माहीत होतं.

"उपरण्याच्या आधी की नंतर?"

"आधी," ती म्हणाली. "आणि तो ढीग विहिरीच्या वाटेवरून आणखी लांब ने."