मावशीची मंडी

कन्नडात मंडी म्हणजे गुडघा. हैदराबादच्या मावशीने तो 2006 मध्ये तिथेच बदलून घेतला आणि मराठीतली मांडी घालणे कायमचे सोडले. तपासणीचे नाव काढले की तिचे उत्तर ठरलेले, “नोविल्ल! दुखत नाही, मग एक्स-रे कशाला?” इथेच तर घोडे पेंड खाते. दोन धातूंमधली चकती पॉलिएथिलीनची, म्हणजे प्लास्टिकच. इंग्लंडात डॉ. जॉन चार्नली यांनी खुब्यासाठी आधी टेफ्लॉन वापरले, ते लवकरच झिजले. 1962 पासून हे आले. हेही झिजते, पण फार हळू. सुटलेले बारीक कण पेशी गिळतात, चिडतात आणि भोवतीचे हाड पोखरले जाते, बरेचदा न दुखता! एक्स-रेत मात्र दिसते. दिवाळीला जाणार आहे, तेव्हा तिला रिक्षात घालूनच नेईन.