सांगण्याआधी सांगायचे ते

समुपदेशनातील गोपनीयतेविषयी जे लिहिले जाते त्यात तत्त्वाची आणि अपवादांची चर्चा भरपूर असते. पण हे अपवाद सल्लार्थीला, म्हणजे मदत मागायला आलेल्या व्यक्तीला, नेमके केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हा प्रत्यक्ष कामात सर्वाधिक छळणारा प्रश्न दोन ओळींत उरकला जातो. प्रौढांच्या बाबतीत तो फारसा अडत नाही. समोर सोळा-सतरा वर्षांची मुलगी असते तेव्हा मात्र पहिल्या सत्रातल्या पहिल्या वाक्यापासूनच निर्णयाला सुरुवात झालेली असते.

2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते, तिने दिलेली संमती कायद्याच्या लेखी संमती नसते, आणि लैंगिक गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना कळवणे कलम 19 प्रमाणे बंधनकारक असते. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात समुपदेशकाला सूट नाही. अत्याचाराच्या प्रकरणात ही सक्ती योग्यच म्हटली पाहिजे, कारण नात्यातल्या माणसाचे कृत्य घराच्या अब्रूखाली दडपण्याची सवय आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. परंतु तीच मुलगी वर्गातल्या मुलावरच्या प्रेमाविषयी आणि त्याच्याशी स्वेच्छेने आलेल्या संबंधाविषयी बोलू लागते, तेव्हाही कलम तेच असते, आणि कळवण्याचा परिणाम त्या मुलावर गुन्हा, तिची वैद्यकीय तपासणी आणि बहुधा तिचे शिक्षण थांबणे असा होऊ शकतो.

कॅरन किचनर यांनी 1984 मध्ये समुपदेशनातील नैतिक विचारासाठी स्वायत्तता, हित साधणे, अहित टाळणे, न्याय आणि वचननिष्ठा ही पाच तत्त्वे मांडली. ती कशाचा विचार करायचा हे सांगतात, पण दोन तत्त्वे आमनेसामने आली की कोणते आधी, हे कामाच्या क्षणी समुपदेशकालाच ठरवावे लागते. या विषयात हमखास उल्लेखला जाणारा टारासॉफ खटलाही इथे पुरा पडत नाही. भारतातून बर्कलीला शिकायला गेलेल्या एका तरुणाने एका तरुणीच्या हत्येचा आपला इरादा 1969 मध्ये मानसशास्त्रज्ञाजवळ बोलून दाखवला, पोलिसांना कळवले गेले, पण त्या तरुणीला कोणीही सावध केले नाही आणि तिचा खून झाला. पुढे 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्यातील व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरवले. तिथे बोलणारा आणि धोक्यात असलेली व्यक्ती वेगवेगळी होती. इथे जिला वाचवायचे आणि जिचा विश्वास राखायचा ती एकच आहे.

गोपनीयतेची मर्यादा आधीच स्पष्ट सांगितली तर मुलगी गप्प होते, आणि अत्याचार सोसणारी मुलगीही त्याच गप्पपणात अडकते; न सांगितली तर तिच्याकडून बोलणे काढून घेऊन ते तिच्याच विरुद्ध वापरल्यासारखे होते. पुष्कळ ज्येष्ठ समुपदेशक, प्रस्तुत लेखकासह, ही सूचना घाईत, फॉर्म भरून घेण्याच्या सुरात उरकण्याकडे झुकतात, आणि त्यामागे केवळ मुलीच्या हिताची चिंता नसते. आजवर कोणालाही न सांगितलेले मूल आपल्यालाच सांगते, या जाणिवेतला अभिमान फार गोड असतो, आणि त्या अभिमानाला बंद दार सोसवत नाही. हाच अभिमान मग व्याख्यानमालेत आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत बोलू लागतो, जिथे नाव बदलून पण तालुका, वडिलांचा धंदा आणि भावंडांची संख्या तशीच ठेवून सल्लार्थींच्या कहाण्या सांगितल्या जातात. अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रावर दुकान मांडणाऱ्या नवख्यांवर टीका करणे सोपे आहे. त्यांना ही वाट नावाजलेल्यांनीच दाखवली.

लेखकाच्या हाताखाली शिकणाऱ्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने या प्रश्नाला वेगळे वळण दिले. ती सूचना सुरुवातीला तर देतेच, पण बोलणे त्या विषयाजवळ येऊ लागले की मुलीला थांबवून पुन्हा देते: “पुढचं सांगण्याआधी ऐक, काही गोष्टी मला कळल्या तर त्या माझ्यापाशी ठेवता येणार नाहीत, कुणी तुला त्रास देत असेल तर मात्र सांगच, मी शेवटपर्यंत तुझ्याबरोबर असेन.” यावर घेण्यासारखा आक्षेप उघड आहे, कारण अशाने काय लपवायचे हेच मुलीला शिकवले जाते आणि कायद्याचा हेतू मागच्या दाराने टाळला जातो. आक्षेप मांडल्यावर त्या प्रशिक्षणार्थीने एवढेच विचारले की, काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार मुलीचा की ऐकायला उत्सुक असलेल्या समुपदेशकाचा. आक्षेप पूर्णपणे मिटलेला नाही. तरीही लेखक आता त्याच जागी थांबतो, सूचना दुसऱ्यांदा देतो, आणि कित्येकदा मुलगी अभ्यासाविषयी बोलू लागते तेव्हा तिला अभ्यासाविषयीच बोलू देतो.