महाडची वसाहत आणि तेथील घड्याळे

महाड हे गाव आमच्या वाचकांस बहुधा दोन कारणांनी ठाऊक असते. रायगडास जावयाचे तर येथे उतरावे लागते, आणि १९२७ च्या २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते येथेच. ह्याहून निराळ्या कारणाने महाडास जाणारा मनुष्य विरळा. गावापासून थोड्या अंतरावर, बिरवाडीच्या बाजूस, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसविलेली कारखान्यांची विस्तीर्ण वसाहत आहे. तेथे औषधी द्रव्ये, रंग आणि नाना प्रकारची रसायने तयार होतात. प्रवासी मंडळी तिच्या फाट्यावरून पोलादपूरकडे निघून जातात. फार झाले तर नाकास रुमाल लावतात. आम्ही उभयतांनी गेल्या मार्गशीर्षात ह्या वसाहतीच्या कडेला मुद्दाम दोन दिवस मुक्काम केला.

प्रदेश म्हणावा तर रमणीय आहे. पूर्वेस सह्याद्रीची भिंत, तिच्या माथ्यावर महाबळेश्वर, आणि तेथून उगम पावून पोलादपूर व महाड ह्यांच्या अंगणातून समुद्राकडे जाणारी सावित्री. आम्ही गेलो तेव्हा ती इतकी संथ होती की, हिच्यावर कोणी रागवावे कसे, असे वाटावे. परंतु महाड-पोलादपूर रस्त्यावरील जुना दगडी पूल २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री हिनेच एस. टी.च्या दोन गाड्यांसह ओढून नेला. पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये नवा पूल रहदारीस खुला झाला. २०२१ च्या २२ जुलैस तर महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून वाडी गाडली गेली. येथील लोक काळाची गणना करताना ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असे म्हणतात.

आमचे यजमान वसाहतीतील एका कारखान्यात पंप व झडपा दुरुस्त करणारे फिटर होते. कारखाना बंद पडल्यापासून ते घरीच असतात. त्यांच्या नावाचा येथे उल्लेख करीत नाही, कारण त्यांनी तसे सांगितले आहे. घराच्या पडवीत, उत्तरेकडील खिडकीपाशी, शाळेतल्या बाकासारखे एक उंच मेज. त्यावर भिंग, चिमटे, बारीक पेचकस आणि काचेच्या पंचवीस-तीस बरण्या. प्रत्येक बरणीत झाकणाच्या आत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी. कोकणातील पावसाळ्यात घड्याळाची केसासारखी कमान आठवडाभर उघडी राहिली तर तिच्यावर गंज चढतो, आणि गंजलेली कमान कोणत्याही ब्रह्मदेवाच्याने सरळ होत नाही, असे ते म्हणाले.

ह्या बरण्यांतील निम्मा माल पुराने दिला आहे. पाणी ओसरल्यावर लोकांनी कपाटांतून चिखलाने भरलेली घड्याळे काढली. वाळविण्याकरिता ती उन्हात ठेवली, आणि तेथेच घात झाला. भिजलेले घड्याळ तत्काळ उघडून धुवावे लागते, वाट पाहिली की चक्रांच्या आसांस गंज धरतो. पुष्कळांनी ती भंगारात दिली. यजमानांनी ती भंगारवाल्याकडून वजनावर घेतली. त्यांतून चांगली चक्रे, पूल, रत्ने, स्क्रू वेगळे केले आणि जातवार लावून ठेवले. मग एकेक घड्याळ उभे राहू लागले.

त्यांचा छंद असा : जगप्रसिद्ध, पाच-पाच लाखांच्या घड्याळांसारखी घड्याळे घरी जुळवावयाची, परंतु आतील यंत्र मात्र अस्सल स्विस असावयाचे. आम्हांस प्रथम ही गोष्ट विसंगत वाटली. तेव्हा त्यांनी तळहाताएवढे एक जाड घड्याळ पुढे केले. ते इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांकरिता पॅनेराय कंपनीने केलेल्या घड्याळांच्या धर्तीवर होते. आत ‘उनितास ६४९७’ हे यंत्र, व्यास ३६.६ मिलिमीटर, १७ रत्ने, तासाला १८,००० ठोके. हे मुळात खिशातील घड्याळाचे यंत्र. पॅनेरायच्या १९३० नंतरच्या पहिल्या घड्याळांतही खिशातल्याच घड्याळाचे यंत्र होते, आणि १९९० नंतरच्या दशकात कंपनीचे नवे घड्याळ बाजारात आले तेव्हा तिने हेच ६४९७ सुधारून वापरले. म्हणजे यंत्रापुरते बोलावयाचे तर यजमानांचे घड्याळ आणि ते प्रतिष्ठित घड्याळ एकाच गोत्राचे.

“मग ह्याला खोटे का म्हणायचे?” असे आमच्या कुटुंबाने विचारले.

“वहिनी, मशीन खोटे नाही. डायलवर नाव लिहिले की ते खोटे,” असे ते शांतपणे म्हणाले. त्यांच्या त्या घड्याळाची तबकडी कोरी होती.

ह्या विद्येचा एक मोठा आखाडा आपल्या मुंबईतच आहे. फाव्र-ल्यूबा कंपनी १८६५ मध्येच हिंदुस्थानात आली. पुढे वेस्ट एंड कंपनीची घड्याळे लष्करातील व रेल्वेतील लोकांच्या मनगटावर व खिशात दिसू लागली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पोलो खेळात काचा फुटत, म्हणून तबकडी उलटी फिरविता येणारे ‘रिव्हर्सो’ घड्याळ १९३१ मध्ये निघाले. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि मुंबईचे कारागीर एका घड्याळाचा भाग दुसऱ्यास बसविण्यात असे तरबेज झाले की, आज परदेशातील जुन्या घड्याळांचे शौकीन ‘मुंबई स्पेशल’ हा शब्दच वापरतात. जुने यंत्र, नव्याने रंगविलेली भडक तबकडी, भलत्याच घड्याळाचे काटे, नवा मुलामा दिलेली पेटी, असा तो संसार. चोरबाजारात हा माल हौसेने विकला जातो. विकणारा ‘हे जुळविलेले आहे’ असे सांगतो तोवर आमची त्यास हरकत नाही. परंतु तो बहुधा सांगत नाही.

याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे नकली घड्याळ घेऊन त्यात एकेक अस्सल भाग बसवीत जाणे. आधी काच, मग चावी, मग काटे, पुढे तबकडी आणि सरतेशेवटी यंत्र. शौकीन मनुष्य ह्यात वर्षे घालवितो आणि पैसाही थोडाथोडका घालवीत नाही. अखेरीस नकली उरते ते पेटीचे पोलाद. आमच्या घरांत जुन्या पैठणीचे जर्जर वस्त्र काढून काठ-पदर नव्या लुगड्यास लावण्याची चाल आहे. त्या लुगड्यास आपण पैठणी म्हणतो आणि कोणी फसत नाही, कारण सगळ्या घराला ती कथा माहीत असते. घड्याळ परक्याच्या हाती जाते तेव्हा कथा मागे राहते आणि नाव पुढे जाते. कायदाही नावापाशीच पकडतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे खोटे चिन्ह लावण्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे.

यजमानांची कसोटी ह्याच जागी लागली होती. त्यांच्याकडे दोन घड्याळे अशी होती की ज्यांच्या तबकडीवर मोठ्या कंपनीचे नाव होते. ती तबकडी त्यांनी तयारच विकत घेतली होती. मुंबईचा एक व्यापारी ती पाहून गेला. कागदपत्रे आपण पैदा करतो, तुम्ही गप्प बसा, एकेकाचे ऐंशी हजार घ्या, असे त्याचे म्हणणे. त्याच वर्षी यजमानांच्या कन्येस लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि कारखाना बंद. त्यांच्या पत्नीने आमच्यासमोरच सांगितले की, त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी ह्या गृहस्थांनी दोन्ही तबकड्या काढून त्यांवरील नावे घासून टाकली. फी कर्ज काढून भरली. “ह्यांनी निदान मला विचारायचे तरी,” असे त्या बाई म्हणाल्या. त्यांचा राग अजून गेलेला नाही, आणि आमच्या मते तो सर्वस्वी अनाठायीही नाही.

आता आमच्या येण्याचे कारण. आमच्या वडिलांनी १९६४ मध्ये मुंबईस घेतलेले फाव्र-ल्यूबाचे ‘सी किंग’ घड्याळ दिवसाला चार मिनिटे मागे पडू लागले होते. वडील २००९ साली वारले तोपर्यंत ते त्यांच्या हातावर होते. स्विस घड्याळ कसे असते हे दाखविण्यास ते पाहुण्यांपुढे ठेवीत. यजमानांनी मागचे झाकण उघडले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी भिंग आमच्या हाती दिले. यंत्रावर एच. एम. टी.ची अक्षरे होती. तबकडी पुन्हा रंगविलेली होती. तिच्या मागचे दोन पाय कापून ती डिंकासारख्या पदार्थाने चिकटविली होती, कारण नव्या यंत्रात पायांची छिद्रे जुळत नव्हती. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ ही बारीक ओळ असावयाची, ती रंगविणाऱ्याने गाळली होती.

वडिलांनी १९८५ च्या सुमारास एका दुकानी ते दुरुस्तीस दिले होते, हे आम्हांस स्मरत होते. दुकानाचे नाव आता सांगून उपयोग नाही. त्या वेळी यंत्र बदलले गेले असणार, आणि वडिलांस त्याची वार्ताही नसणार. हा हिशेब तेथे बसल्या बसल्याच मनात झाला : स्विस यंत्राने त्यांची सेवा एकवीस वर्षे केली, बंगलोरच्या यंत्राने चोवीस. आमची मुंज, बहिणीचे लग्न हे पहिल्याच्या वेळेस. आईचे जाणे, त्यांचे निवृत्त होणे, आणि रुग्णालयातील अखेरच्या रात्री उशाशी जे टिकटिकत होते ते दुसरे. एच. एम. टी.चा बंगलोरचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने उभा राहिला, आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचे ठरविले.

यजमान म्हणाले, “माझ्या बरणीत ह्याच जातीचे स्विस मशीन आहे. पुरातले आहे, पण धुऊन चालू केलेले. तुम्ही म्हणाल तर बसवतो. मग डायलवरचे नाव खरे होईल.”

आम्ही कुटुंबाकडे पाहिले. त्या म्हणाल्या, “मामंजींच्या हातावर जे होते तेच असू द्या. दुसऱ्या कोणाच्या घरातले पुराचे घड्याळ ह्यात घालून ते मामंजींचे कसे होणार?” आमचे मत क्षणभर निराळे होते. स्विस यंत्र बसवावे, वडिलांचा शब्द खरा करावा, असा मोह होत होता. पण तो शब्द वडिलांनी समजून-उमजून दिलेला होता आणि यंत्र मात्र त्यांच्या नकळत बदलले होते. हे आता आम्हांस कळले आहे, तर आमच्या मुलांनाही कळले पाहिजे, असे ठरले.

यजमानांनी यंत्र धुतले, तेल दिले, नवे रबरी कडे घातले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस टोच्याने बारीक अक्षरांत कोरले : मशीन एच. एम. टी., डायल पुन्हा रंगविलेला, महाड, आणि साल. मजुरी तीनशे रुपये घेतली. जास्त देऊ केले तर घेईनात. पुण्यास आल्यापासून घड्याळ दिवसाला दीड मिनिट पुढे जाते. त्याबद्दल त्यांना कळविले आहे; संक्रांतीनंतर कोणी महाडकडून येणारा असेल तर त्याच्याबरोबर पाठवा, असे त्यांचे उत्तर आले आहे.