धाकट्याचं वर्कशॉप

उद्यमनगरातलं धाकट्या भावाचं वर्कशॉप बंद झालं. लेथखाली लोखंडाचा कीस तसाच पडलाय. वकील म्हणाले, नादारीचा अर्ज करायचा तर कायदा आजही १९२० चाच. २०१६ च्या कायद्यातला व्यक्तींचा भाग कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झालाय.

मला खरा घोर त्याच्या नोकरीचा. हिशेबाला तो पक्का आहे, पण बँकेच्या भरतीत आता सिबिल बघतात. शिरोलीच्या फाउंड्रीत हातातलं काम बघतील. आधी तिथं जा म्हटलं.

क्रेडिट कार्ड मी काढून घेतलं. नुसती किमान रक्कम भरत राहिलं, तर उरलेल्यावर व्याज चढतच जातं. बँकेशी तडजोड झाली तरी रिपोर्टात ‘सेटल्ड’ राहतं, ‘क्लोज्ड’ नाही. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरातलं सोनं मोडू, पण खासगी सावकाराच्या दारात त्याला जाऊ देणार नाही.