घोड्याची कबर

नोकरीसाठी हॅम्पशरमध्ये आलो आणि शनिवार-रविवारी जुने वाडे, किल्ले बघायचा नाद लागला. हायक्लिअर कासलला ‘डाउन्टन ॲबी’च्या चाहत्यांची गर्दी असते. तिथल्या तळघरात तुतनखामेनचं प्रदर्शन आहे, कारण १९२२ साली ती कबर सापडली त्या उत्खननाला पैसा इथल्याच अर्लने पुरवला होता. बेसिंग हाउसचे मात्र अवशेषच उरलेत. १६४५मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने ते घेतलं.

डोक्यात राहिलं ते स्ट्रॅटफील्ड सेई. वॉटर्लू जिंकल्याबद्दल संसदेने दिलेल्या पैशातून ड्यूक ऑफ वेलिंग्टनसाठी १८१७मध्ये ही इस्टेट घेतली. त्या लढाईत तो दिवसभर ज्याच्यावर बसला होता, त्या कोपनहेगन घोड्याची कबर इथे आहे. दगडावर नाव, जन्म-मृत्यूची सालं, सगळं.

मी जालन्याचा. आमच्या जिल्ह्यात असई नावाचं गाव आहे. केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच माणसाने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. शिंद्यांचे शिपाई हिंदुस्थानी, आणि कंपनीच्या फौजेतही बहुतेक मद्रासचे शिपाई. दोन्हीकडून पुष्कळ पडले.

घोड्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने चाकरी केली, मालकाने जाण ठेवली. पण असईला पडलेल्या त्या शिपायांपैकी एकाचंही नाव मला सांगता येत नाही. गाव तर माझ्याच जिल्ह्यातलं.

पुढच्या सुट्टीत घरी गेलो की आधी असईला जाणार आहे.