रानातला वाटा आणि शेडातलं डुक्कर



मागच्या नोंदीत रताळ्याच्या वेलांचा फोटो टाकला होता. काढणी कधी, म्हणून बऱ्याच जणांनी विचारलं. तर काढणी झाली, पण आम्ही केली नाही. नवरात्राच्या तोंडावर एका रात्रीत डुकरांनी पंधरा गुंठ्यांतला निम्म्याहून जास्त तुकडा उलथून टाकला. सकाळी गेलो तर नांगर फिरवल्यागत रान. वेल एकीकडं, अर्धी चावलेली रताळी दुसरीकडं. आमच्या चंदगडच्या पट्ट्यात हे नवीन नाही, पण उपवासाच्या बाजाराचा दर डोळ्यांसमोर असताना असं झालं की माणूस बांधावर बसूनच राहतो. वनखात्याकडं अर्ज दिला, पंचनामा झाला. ते असो. आजचा विषय वेगळा आहे.

त्यानंतर चार दिवसांनी संध्याकाळी एक पोरगं काळी पिशवी घेऊन दारात आलं. आत दीड-दोन किलो मटण. म्हणालं, "काका, तुमच्याच रताळ्यावर पोसलेलं हाय. तुमचा वाटा." कुणी मारलं, कसं मारलं, मी विचारलं नाही. पिशवी घेतली. खोटं कशाला लिहू? रानडुक्कर मारणं आणि त्याचं मटण खाणं कायद्यानं गुन्हा आहे हे मला ठाऊक होतं. नुकसान करणारं जनावर मारायला सरकारची परवानगी काढता येते, पण ती परवानगी मारण्याची असते, वाटे घालायची नव्हे. तरी घेतली. रताळ्याचा राग होता, दुसरं काय.

आता घरातली गंमत सांगतो. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. मटण बंद, अंड्याचा बलक बंद. पण पिशवी बघितल्यावर दादाचा चेहरा उजळला. "रानातल्या जनावराला चरबी नसती. ताकदीचं मटण. ह्याला डॉक्टर बी नको म्हणणार न्हाई." वहिनीनं खोबरं भाजायलाही घेतलं.

हाच दादा आठ दिवसांपूर्वी माझ्या पोरावर उखडला होता. पोराला वराहपालन करायचंय. दहा माद्या, एक नर, लार्ज व्हाईट यॉर्कशायर जातीचे. हिशेब मांडून आणला होता त्यानं. एकशे चौदा दिवसांत मादी विते, एका वेताला आठ-दहा पिल्लं, सात-आठ महिन्यांत नव्वद-शंभर किलोचं जनावर. दादा म्हणाला, "घरात डुकरं बांधणार? भावकीत तोंड कुठं दाखवायचं?" म्हणजे रानातलं चालतं, घरातलं चालत नाही. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या असंच आहे. रानडुकराचा वाटा आला की सोहळा, आणि गावडुकराचं नाव काढलं की थू.

धाकटी लेक दसऱ्याच्या सुट्टीला घरी आली होती. पशुवैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिनं भांडण केलं नाही. मोबाईलवर अमेरिकेच्या शेती खात्याचे अन्नघटकांचे तक्ते उघडले, आणि मी ऊसबिलाच्या पावतीच्या पाठीमागं आकडे उतरून घेतले. सगळे शिजवलेल्या १०० ग्रॅम मटणाचे, कमी-जास्त धरून.

रानडुक्कर: १६० उष्मांक, प्रथिनं २८ ग्रॅम, चरबी साडेचारच्या आत. पाळीव डुकराचं सरासरी मटण, चरबीसकट: २४० उष्मांक, प्रथिनं २७, चरबी १४. दादा लगेच म्हणाला, "बघ." खरंच आहे. चरबी तिप्पट.

पण लेकीनं आणखी एक ओळ दाखवली. पाळीव डुकराच्याच पाठीच्या कण्याखालचा मऊ लांबट तुकडा, वरची चरबी काढून: १४३ उष्मांक, प्रथिनं २६, चरबी साडेतीन. म्हणजे रानडुकरापेक्षाही कमी! आणि त्याच डुकराचं पोटाचं मांस कच्चं घेतलं तर १०० ग्रॅममध्ये निम्म्याहून जास्त नुसती चरबी. जनावर एकच, तुकडा वेगळा. पाळीव डुकराची बरीच चरबी कातड्याखाली थरानं बसते, सुरीनं काढता येते. तेव्हा रानातलं का घरातलं एवढंच विचारून भागत नाही, कुठला तुकडा हेही विचारावं लागतं.

असं का, ते कोंबडीवरनं आपल्याला कळतं. गावठी कोंबडी दिवसभर उकिरडा उकरत फिरते, तिचं मटण तांबूस, चिवट, चवीचं. ब्रॉयलर बसून खाते. रानडुक्कर रात्रभर चालतं, उकरतं, पळतं. कामाच्या स्नायूला प्राणवायू लागतो, तो साठवणारा लाल पदार्थ स्नायूत वाढतो, म्हणून मटण गडद. लोकांना गडद रंग बघून वाटतं, ह्यात रक्तवाढीचं काहीतरी जबर आहे. तक्त्यात बघितलं तर रानडुकरात लोह १ मिलिग्रॅमच्या जरा वर, पाळीव डुकरात जरा खाली. आपल्या साध्या बकऱ्याच्या मटणात साडेतीनच्या वर, आणि चरबी फक्त ३. बाळंतिणीला रानडुकराचं मटण शोधत फिरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. कोलेस्टेरॉल म्हणाल तर दोन्ही डुकरांत जवळपास सारखंच, पाऊणशे ते ऐंशी मिलिग्रॅम. उलट बी-१ जीवनसत्त्वात पाळीव डुक्करच पुढं आहे, बकऱ्याच्या तर कितीतरी पुढं.

एक मात्र दादाच्या बाजूनं सांगायला पाहिजे. हृदयाच्या माणसाला चरबी किती हे महत्त्वाचं, आणि साध्या दुकानातनं आणलेलं डुकराचं मटण कुणी कण्याखालचा तुकडा निवडून देत नाही. तिथं रानातलं सरसकट कमी चरबीचं हे त्याचं म्हणणं बरोबर. पण मी वहिनीला विचारलं, दीड किलोला तेल किती घालता? तिनं हातानंच पळी दाखवली, मोठी, आणि वर बोटं तीन. शिवाय खोबरं, तीळ. साडेचार ग्रॅमचं कौतुक तर्रीतच बुडालं.

मला खरं हललं ते पुढच्या बोलण्यानं. लेकीनं पिशवीतला एक तुकडा उचलून बघितला. बोटाला चिकटत होता, काळपट, कोरडा. म्हणाली, "हे फासकीतलं आहे बाबा. रात्रभर झुंजलंय." जनावर जीव तोडून धडपडलं की स्नायूतली साखर संपते. मग मारल्यावर मटणात जी आंबटाई तयार व्हायला पाहिजे ती होत नाही, आणि असं मटण लवकर खराब होतं. त्यात पोट कधी फाडलं, कुठल्या पाण्यात धुतलं, कुणाला माहीत. कत्तलखान्यात निदान डॉक्टर जनावर आधी आणि नंतर बघतो. इथं बघणारं कोण? रानडुकराच्या मांसात ट्रायकिनेला नावाची सूक्ष्म अळी असू शकते, ती डोळ्यांना दिसत नाही.

गावडुकराचीही तिनं बाजू घेतली नाही. उकिरड्यावर आणि हागणदारीत फिरणाऱ्या डुकराच्या मटणात साबुदाण्यासारख्या गाठी निघतात, ती पट्टकृमीची पिल्लं. असं कच्चट मटण खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो. पण मेंदूत गाठी होऊन जे झटके येतात ते मटणानं नाही, तर त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी भाजी-पाण्यातनं पोटात गेल्यानं येतात. म्हणजे माळकऱ्यालाही येऊ शकतात. हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. शेडात बांधलेलं, स्वच्छ खुराक खाणारं, माणसाच्या घाणीपर्यंत न पोचणारं डुक्कर म्हणून वेगळं.

आपल्यासारखं कुकरला शिट्ट्या काढून शिजवलं तर अळ्या मरतात, हेही तिनं मान्य केलं. दादाला जोर आला. "मग झालं की!"

तेव्हा ती भावाकडं वळली. "तुला शेड टाकायचंय ना? मग ही पिशवी ह्या घरात येता कामा नये." आफ्रिकन स्वाइन फीवर. आपल्या देशात २०२० साली आसाम-अरुणाचलात पहिल्यांदा सापडला. माणसाला काही होत नाही, पण पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर दोघांनाही होतो, आणि शेडात शिरला की शेड रिकामं. आपल्याकडं वापरायला लस नाही. विषाणू फ्रीजमधल्या मटणात महिनोन् महिने टिकतो. मटण धुतलेलं पाणी, हाडं, कापणाऱ्याच्या चपला, एवढं पुरतं. दहा माद्या घ्यायला पोर कर्ज काढणार, आणि आम्ही परसात वाटे धुणार.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी पिशवी उचलली. लिंबाच्या मागं गुडघाभर खोल खड्डा काढला, वर चुना टाकला, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड ठेवले. वाटलेला मसाला वाया कशाला म्हणून वहिनीनं अंड्याची आमटी केली. दादाला पांढरं तेवढं वाढलं. तो ताटावर गप्प, आणि नंतर दोन दिवस माझ्याशीही गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी रताळ्याचा उरलेला तुकडा काढत होतो. दादा पलीकडच्या पडीक तुकड्यात काठी टेकत हिंडत होता. पोरगा टेप धरून मागं. मी हातातलं काम न थांबवता ऐकत होतो.

"वारं इकडनं असतं," दादा सांगत होता, "वास माझ्या दारात यायचा. शेड त्या अंगाला सरकव. आणि कुंपण दुहेरी घाल. रानातली रात्री येत्यात, तुझ्यातल्या माद्यांच्या वासानं तर नक्की येतील."