शिफारस करणाऱ्याची सही

आमच्या जिल्हा रायफल क्लबच्या सदस्यत्वाच्या अर्जात शिफारशीचा एक रकाना आहे. जुन्या सदस्याने तिथे नाव लिहायचं, सही करायची आणि वर छापलेलं वाक्य मान्य करायचं : अर्जदाराच्या रेंजवरच्या वागणुकीला मी जबाबदार राहीन. बॅडमिंटनच्या किंवा पोहण्याच्या अर्जात असं वाक्य नसतं. इथे ते लागतं, कारण ज्याच्या हाती आपण रायफल देणार त्याच्यासाठी कुणीतरी उभं राहावं लागतं. माझ्यासाठी सुभेदार काका उभे राहिले. माझ्या अर्जावर त्यांची सही आहे आणि सैन्यातल्या शिरस्त्याप्रमाणे खाली हुद्दा आणि तारीखही आहे.

ते साल २००० होतं. त्या सप्टेंबरात सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. मुंबईच्या कीर्ती कॉलेजमध्ये एनसीसीत असताना तिने पहिल्यांदा रायफल हातात घेतली, हे पेपरात वाचलं आणि एनसीसीच्या आम्हा मुलींच्या अंगात वारं शिरलं. वार्षिक शिबिरात आम्हीही पॉइंट टू टू बोअरच्या रायफलीने पालथं पडून फायरिंग केलं होतं. माझं ग्रुपिंग, म्हणजे भोकं किती जवळ जवळ पडली ते, बघून आमचे हवालदार म्हणाले, ‘पोलीस मैदानामागं रायफल क्लब आहे. तिथं सुभेदार साहेब असतात. त्यांना जाऊन भेट.’

मी गेले. पत्र्याची लांब शेड, समोर वाळूच्या पोत्यांची भिंत, दोन लाकडी बाकं. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, ताठ बसलेले एक गृहस्थ पेलेटची भोकं पडलेली कार्डं निवडत होते. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘उद्यापासून ये. रायफलीला हात लावायचा नाही एवढं ध्यानात ठेव.’

त्यांची पात्रता परीक्षा क्लबच्या नियमावलीत लिहिलेली नव्हती. डॉक्टरचा दाखला, पोलिसांचा दाखला, फोटो, वर्गणी एवढंच नियमावलीत होतं. काकांकडे आधी टार्गेटच्या बाजूने शिकावं लागे. पुलीला नवं कार्ड लावायचं, शॉट झाला की ते ओढून आणायचं, कोपऱ्यात अनुक्रमांक टाकायचा. सरावाच्या म्हणजे सायटिंगच्या कार्डाच्या कोपऱ्यात काळा तिरका पट्टा असतो, ते वेगळं ठेवायचं. भोक रेषेला चिकटलंय की नाही असा संशय आला तर गेज घालून, भिंगातून बघून निर्णय द्यायचा. एअर रायफलच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट साडेचार मिलिमीटरचा. तो ठिपका मी नेम धरण्याच्या कितीतरी आधी भिंगातून ओळखू लागले होते. काका म्हणायचे, जो दुसऱ्याचा शॉट प्रामाणिकपणे वाचतो तोच पुढे स्वतःचा वाचतो. मला हे पूर्ण पटलेलं आहे. आज सगळं पडद्यावर आपोआप दिसत असलं तरी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आधी कागदी कार्डंच वाचायला लावते.

मग नियम. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. रायफल भरलेलीच आहे असं समजून वागायचं. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. खाली ठेवताना लिव्हर उघडा. ‘स्टॉप’ ऐकलं की अर्धा धरलेला श्वाससुद्धा सोडून रायफल बाकावर. हे कुणालाही पाठ होतं, म्हणून काका ते तोंडी विचारत नसत. चहा पिताना, गप्पांमध्ये, कुणी आपल्याशी बोलायला वळलं असताना आपण काय करतो हे ते बघत. नेम धरलेल्या माणसापेक्षा बेसावध माणूस त्यांना जास्त सांगून जायचा.

सगळ्यात शेवटी ग्रुपची चाचणी. ‘मला दहा नकोत,’ ते सांगत, ‘पाच भोकं एका रुपयाखाली झाकली गेली पाहिजेत. कार्डावर कुठेही.’ यामागे शास्त्र आहे. पाचही शॉट एका जागी गेले तर नेमबाज स्थिर आहे. ती जागा मध्यापासून दूर असेल तर तो साईटचा प्रश्न आणि साईट क्लिक फिरवून सरकवता येते. माणूस असा क्लिक फिरवून सुधारत नाही. माझी भोकं नाण्याखाली झाकली गेली त्या संध्याकाळी काकांनी खिशातलं पेन काढलं.

त्या सहीची किंमत मला एका प्रसंगाने कळली, तो सांगायलाच हवा. आमच्याबरोबर एक मुलगा शिकायला येत असे. त्याचे वडील गावातलं वजनदार नाव होते आणि क्लबला नवीन टार्गेट यंत्रणा देणगी देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं. मुलगा नेमात खरोखर चांगला होता, माझ्यापेक्षा चांगला. एका दुपारी मित्राने हाक मारली म्हणून तो रायफल हातात घेऊनच मागे वळला. नळी बाकावर बसलेल्या आम्हा सगळ्यांवरून फिरली. रायफल रिकामी होती. काकांनी आवाज चढवला नाही. रायफल काढून घेतली, लिव्हर उघडून बाकावर ठेवली आणि त्याच्या अर्जावर सही करायला नकार दिला. चार दिवसांनी समितीतली माणसं समजवायला आली. पोर आहे, पुन्हा नाही करणार, देणगीचं बघा. काकांचं उत्तर होतं, ‘दुसऱ्या कुणाला सही करायची असेल तर करू दे. मी रेंजवर थांबणार नाही.’ दुसऱ्या कुणीही सही केली नाही. देणगी गेली. पुढची बरीच वर्षं आम्ही हाताने पुली ओढत राहिलो.

त्याच समितीत माझ्याबद्दलही बोलणं झालं होतं, हे मला फार नंतर समजलं. मुलगी आहे, घरची परिस्थिती बेताची, लग्न झालं की सोडून जाणार, तिच्यावर पेलेट कशाला खर्च करायचे, असं कुणीतरी म्हणालं होतं. काकांनी माझी ग्रुपची कार्डं टेबलावर मांडली आणि विषय संपवला. मला ते कधीही बोलले नाहीत.

क्लबाची एअर रायफल एकच होती, जुनी जर्मन, बाजूचा लिव्हर ओढून भरायची. आम्ही सगळे तीच वापरत असू. आता एकाच्या डोळ्याला जमलेली साईट दुसऱ्याला चालत नाही, एकाच्या खांद्याला बसणारी बटप्लेट दुसऱ्याला टोचते. यासाठी काकांची एक लांबट वही होती. प्रत्येकाच्या नावाचं पान, त्यावर बटप्लेटची खूण, साईटचे क्लिक, त्या दिवशीचा उजेड, आणि शेवटी एखादा शेरा. ‘श्वास लांबतोय.’ ‘शॉटनंतर लगेच मान उचलते.’ ‘झोप झालेली नाही, लवकर घरी पाठवली.’ लेन सोडताना आपण केलेले बदल उलटे फिरवून रायफल मूळ जागी आणून ठेवायची आणि पुढच्याच्या हाती द्यायची. सामायिक वस्तूची इतकी काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आज माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी स्वतःची रायफल आहे त्यांना सगळं काही मिळालं, फक्त ही वही मिळाली नाही, याचं मला वाईट वाटतं.

पॉइंट टू टूची शिस्त आणखी कडक. त्या रायफली परवान्याच्या, १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांच्या सरावासाठी त्या कायद्यात तरतूद आहे आणि त्या तरतुदीचा मान ठेवणं हे काका स्वतःचं काम समजत. दिलेली प्रत्येक गोळी रजिस्टरमध्ये, परत आलेली प्रत्येक रिकामी पुंगळी रजिस्टरमध्ये. एखादी पुंगळी सापडली नाही तर अंधार पडला तरी सगळे गुडघ्यावर बसून वाळू चाळत आणि त्यांत काका पहिले असत.

राज्य स्पर्धेसाठी मुंबईला वरळीच्या रेंजवर जायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे जॅकेट नव्हतं. उभ्याने नेम धरताना पाच किलोच्या आसपासचं वजन डाव्या हातावर आणि कमरेवर तोलायचं असतं. जाड कॅनव्हासच्या जॅकेटशिवाय पाठ तासभर टिकत नाही. क्लबमधल्या एका ताईंनी, ज्या स्वतः त्याच स्पर्धेत उतरणार होत्या, आपलं जॅकेट मला दिलं. त्यांची फेरी सकाळची, माझी दुपारची. त्यांच्या घामाने ओलं झालेलं जॅकेट घालून मी लेनवर गेले. एसटीच्या प्रवासात रायफलीची पेटी बघून कंडक्टर बिचकला होता. काकांनी क्लबाचं पत्र दाखवलं, त्याला आपल्या शेजारी बसवून खेळ समजावला आणि उतरताना तोच पेटीला हात लावायला आला.

त्या काळी मुलींचे ४० शॉट असत. काका मागे प्रेक्षकांत बसले होते. मधे वळून पाहावंसं वाटलं की मला त्यांचा शेरा आठवायचा, शॉटनंतर मान उचलू नकोस. मी मावळंकर स्पर्धेसाठी पात्र ठरले. राष्ट्रीय स्पर्धेआधीची ही स्पर्धा दादासाहेब मावळंकरांच्या नावाने भरते. लोकसभेचे पहिले सभापती, आणि १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. हे मला काकांनी परतीच्या एसटीत सांगितलं. माझ्या गुणांबद्दल एवढंच म्हणाले, ‘ग्रुप चांगला होता.’

एका वर्षी घरात आजारपण होतं आणि माझी वर्गणी थकली. जूनमध्ये काकांनी पावती हातात ठेवली. पैसे कुणी भरले ते पावतीवर नव्हतं. पहिला पगार झाला तेव्हा मी पाकीट घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी ते उघडलं नाही. ‘पेलेटचे डबे आण,’ म्हणाले. मी पाचशेच्या डब्यांची चळत घेऊन रेंजवर गेले. त्यांनी साठ्याच्या रजिस्टरमध्ये नोंद केली, पुढे माझं नाव लिहिलं, आणि त्याच डब्यातले पेलेट एका नव्या पोराला मोजून दिले.

मी पुढे मोठी नेमबाज झाले नाही. नोकरी, संसार, बदल्या. परत गावी आले तशी क्लबात रेंज ऑफिसर म्हणून उभी राहिले. मधल्या काळात खेळ बदलला. पात्रता फेरीतही गुण दशांशात मोजू लागले, १०.९ पर्यंत, आणि २०१८ पासून महिलांनाही पुरुषांएवढे ६० शॉट आले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं. १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, ४५१.४ गुणांवर. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आम्ही क्लबातल्या बाकांवर दाटीवाटीने बसून ते पाहिलं. काका तोवर राहिले नव्हते. त्यांची वही आहे, कपाटात, साठ्याच्या रजिस्टरशेजारी.

आता शिफारशीच्या रकान्यात मी सही करते. काही अर्जांवर करत नाही आणि तसं आईवडिलांना समोर बसवून सांगते. त्यांना राग येतो. काकांनी देणगी सोडली त्यापुढे हा राग काहीच नाही. सही करते तेव्हा त्या मुलाच्या घरी एकदा जाऊन येते, वर्गणीची अडचण आहे का बघते, आणि वहीत त्याचं पान उघडते.

हे वाचणाऱ्यांत कुणी जुने नेमबाज असतील. एनसीसीतले, पोलिसांतले, कॉलेजच्या संघातले. तुमचं जॅकेट माळ्यावर पडलं असेल, बूट असतील, पेलेटचा अर्धा डबा असेल, न वापरलेली रायफल असेल. ते सगळं तुमच्या जिल्ह्याच्या क्लबात नेऊन द्या. रायफल देताना सेक्रेटरींकडून कागदपत्रं पूर्ण करून घ्या. आमच्याकडे या वर्षी दोन मुली डावखुऱ्या आहेत आणि डावखुरं जॅकेट एकही नाही.